पाइनच्या गाठी

बाळा, न्यूझीलंडला रेडिएटा पाइनच्या लागवडीत काम करायला निघालायस, तर हे आधी ध्यानात घे. ते झाड तोडतात साधारण २८व्या वर्षी, पण त्याचा भाव पहिल्या आठ-दहा वर्षांत ठरून जातो. नंतर करवतीनं काही सुधारत नाही.

झाड तिथलं नव्हे. मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन जागांचं आणि मेक्सिकोच्या दोन बेटांचं. न्यूझीलंडला मात्र असं मानवलं की तिथल्या लागवडीच्या जंगलात सुमारे ९० टक्के तेच आहे. तिथल्याच काइंगारोआच्या पठारावर गुरं चारा खाऊनही खंगायची. मातीत कोबाल्ट कमी, हे पुढे कळलं. तोवर पाइननं पठार बळकावलं होतं.

लागवड जून ते सप्टेंबर, तिथल्या थंडीत. रोपांची मुळं वाऱ्यावर उघडी टाकू नकोस, बघता बघता सुकतात. खड्डा खोल घे, रोप जरा जास्तच खाली सोड आणि मग हलकं वर ओढ, म्हणजे मुळं सरळ होतात. मुडपलेली मुळं आज दिसत नाहीत. दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात झाड कलंडतं तेव्हा दिसतात. टाचेनं माती दाब, मग वरच्या दोन-चार सुया चिमटीत धरून ओढून बघ. सुया तुटल्या आणि रोप हललं नाही, तर पुढच्या खड्ड्याकडे जा. मुकादमही असंच तपासतो.

खरी कला छाटणीत. फांदी राहिली की लाकडात गाठ पडते. फांदी काढल्यावर त्यावर जे लाकूड चढतं ते स्वच्छ, फर्निचरवाल्यांच्या पसंतीचं. म्हणून बुंधा बारीक असतानाच छाटायचं. उशीर केलास तर आतला गाठींचा गाभा जाड होऊन बसतो. पण हावही नको. दोन-तीन खेपांत सहा मीटरपर्यंत जायचं, आणि दर खेपेला वर तीन-चार मीटर हिरवा शेंडा ठेवायचाच, नाहीतर झाड उपाशी राहतं. फांदी बुंध्याला जिथं फुगलेली असते ती कड कापू नकोस, आणि खुंटीही ठेवू नकोस. साल सोलली गेली तर जखम भरायला वेळ लागतो.

छाटलेलं झाड थोडं मागं पडतं. शेजारचं न छाटलेलं त्याच्या डोक्यावर चढायच्या आत विरळणी कर. जुळ्या शेंड्यांची, वाकडी झाडं आधी काढ. शेवटी हेक्टरी तीनेकशे उरली तरी पुरे. आता बरेच मालक छाटणी करतच नाहीत, मजुरी परवडत नाही म्हणतात. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. तुला छाटायला सांगितलं, तर नीट छाट.

उन्हाळ्यात तोडलेला ओंडका पडून राहू देऊ नकोस, बुरशीनं निळा पडतो. खांबासाठी वापरायचा तर औषध पाजल्याशिवाय जमिनीत पुरायचा नाही.

आणि उतारावर तोड झाली की फांद्या-तुकडे ओढ्याच्या काठी सोडू नकोस. २०१८ला तिथल्या टोलागा बेच्या किनाऱ्यावर असाच लाकडाचा खच आला होता, २०२३च्या गॅब्रिएल वादळात पुन्हा आला. पूल गेले, शेतं गाडली गेली. मुकादम घाई करेल, तरी कचरा वर सपाटीवर ओढून टाकायला लाव.