यंत्राजवळची शाळा

(आपल्या परिसरातील एका उद्योगाची आणि काम करता करता शिकणाऱ्या एका तरुणाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी प्लास्टिकची रंगीत चटई असेल. पाहुणे आले म्हणजे आपण ती अंथरतो आणि दस्तरखानही तिच्यावरच मांडतो. आज घरी गेल्यावर ती चटई जरा जवळून पाहा. आडव्या दिशेने चकचकीत प्लास्टिकच्या बारीक नळ्या दिसतील आणि उभ्या दिशेने त्यांना बांधून ठेवणारे धागे दिसतील. ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे, त्यांना ही वीण लगेच ओळखू येईल. उर्दूत आपण जिला ताना-बाना म्हणतो, तिलाच मराठीत ताणाबाणा म्हणतात.

अशा चटया बनवणारे कारखाने आपल्या खानदेशातच आहेत. केळी आणि सोने यांसाठी प्रसिद्ध असलेले जळगाव शहर चटईसाठीही ओळखले जाते. प्लास्टिकच्या पाइपांचा उद्योगही येथे वाढला. वाकोद या गावी जन्मलेले भवरलाल जैन यांनी १९८० साली जळगावात पीव्हीसी पाइप बनवण्यास सुरुवात केली. पुढे ठिबक सिंचनाच्या नळ्या शेतापर्यंत पोहोचल्या. केळीच्या बागेत झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी सोडणारी काळी नळी तुम्ही पाहिली असेलच. तीही प्लास्टिकचीच असते.

धुळ्यातील माझा एक विद्यार्थी अशाच एका चटईच्या कारखान्यात कामाला लागला. त्याचे अब्बा यंत्रमागावर काम करत. मुलगा बारावी विज्ञान शाखेतून पास झाला, त्याच वर्षी अब्बा आजारी पडले. पुढे शिकायचे की घर चालवायचे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. जळगावला मेहरुण भागात त्याचे मामू राहत होते. त्यांनी काम मिळवून दिले. निघण्याच्या आदल्या दिवशी तो मला भेटायला आला. म्हणाला, "सर, आता माझी शाळा संपली."

मी म्हणालो, "शाळा संपली नाही. जागा बदलली."

खरे सांगायचे तर हे वाक्य मी त्याला धीर देण्यासाठी बोललो होतो. ते खरे करून दाखवले ते त्याने.

कारखान्यात त्याला एका लांब यंत्रावर उभे केले. त्या यंत्राला एक्स्ट्रूडर म्हणतात. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. ईदच्या आधी शेवया करण्याचे हाताने फिरवायचे यंत्र तुम्ही पाहिले आहे ना? वरून पीठ घालायचे, दांडा फिरवायचा. आतला मळसूत्री दांडा पीठ पुढे ढकलतो आणि छिद्रांतून शेवया बाहेर पडतात. एक्स्ट्रूडरमध्ये पिठाऐवजी प्लास्टिकचा दाणा किंवा चुरा घालतात. आतील लांब स्क्रू तो पुढे ढकलतो. बाहेरचे हीटर आणि आतले घर्षण यांच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते. ते जाळीतून गाळले जाते आणि साच्याच्या छिद्रांतून बाहेर येते. मग पाण्याच्या टाकीत थंड होते. नंतर ते पुन्हा तापवून ताणतात, म्हणजे त्याला बळकटी येते.

ताणल्याने बळकटी का येते? याचे उत्तर समजण्यासाठी प्लास्टिकच्या आत डोकावावे लागेल. १९२० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हरमान श्टाउडिंगर यांनी एक विचार मांडला. रबरासारखे पदार्थ लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात, असे ते म्हणाले. माळेत जसा मण्याला मणी जोडलेला असतो, तसेच हे रेणू. त्या काळच्या अनेक विद्वानांना हे पटले नाही. पण ते खरे ठरले आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा साखळीच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात. मराठीत त्याला बहुवारिक असा शब्द आहे. प्लास्टिक ताणले, की या गुंतलेल्या साखळ्या एका दिशेने सरळ होतात. विस्कटलेल्या सुतापेक्षा पीळ दिलेला दोर मजबूत असतो, तसेच हे आहे.

हे सारे त्या मुलाला कारखान्यात कोणी सांगितले नाही. तेथे "हे बटण दाब, तो दाणा टाक" एवढेच सांगत. म्हणून वर्षभराने त्याने एका संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी असलेल्या अर्धवेळ अभ्यासक्रमात नाव घातले. आठवडाभर काम आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग. पहिल्याच परीक्षेत तो दोन विषयांत नापास झाला. पुस्तके इंग्रजीत, शिक्षक मराठीत बोलणारे आणि विचार उर्दूत करायची सवय! एकदा वर्गात त्याला झोप लागली, तेव्हा मुले हसली. त्या रात्री त्याने मला फोन करून सांगितले, "सर, मी हे सोडून देतो."

मी त्याला एक वही करायला सांगितली. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहायचा, दुसऱ्यात मराठी शब्द आणि तिसऱ्यात उर्दू. प्रेशर, दाब, दबाव. चेन, साखळी, जंजीर. डेन्सिटी, घनता, कसाफत. तीन भाषा त्याला ओझे वाटत होत्या. वही भरू लागली, तसे एकच गोष्ट तीन बाजूंनी पाहता येते, हे त्याच्या लक्षात आले.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगतो. कारखान्यात एक जुने कारागीर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. त्या रात्री भंगारातून आलेल्या मालाचा नवा चुरा यंत्रात घातला होता. थोड्याच वेळात नळी तुटू लागली. जोडावी, की पुन्हा तुटे. जाळी बदलली, तीही लगेच तुंबली. आप्पांनी तापमान वाढवले. माल पातळ झाला, धूर येऊ लागला, पण नळी तुटायची थांबेना. सकाळपर्यंत माल तयार झाला नसता, तर साऱ्यांचाच रोज बुडाला असता.

मुलाला वहीतील 'घनता' हे पान आठवले. चटई ज्या पॉलिप्रॉपिलिनची बनते, त्याची घनता सुमारे ०.९ असते. पाण्याची १ असते. म्हणून ते पाण्यावर तरंगते. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची बनते, त्याला पेट म्हणतात. त्याची घनता सुमारे १.३८ असते. ते बुडते. शिवाय पॉलिप्रॉपिलिन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर पेट वितळायला सुमारे २५० अंश लागतात. चुऱ्यात पेट मिसळले असेल, तर त्याचे तुकडे न वितळता खड्यासारखे अडकणार. आणखी तापवले, तर चांगला मालच करपणार.

पण हे आप्पांना सांगायचे कसे? ते वडिलांच्या वयाचे. वीस वर्षे त्या यंत्राजवळ काढलेली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आप्पा, एक बादली पाणी आणू का?"

"पाणी कशाला रे?"

"चुरा धुऊन पाहू. मला शंका येते. चुकलो तर तुम्ही सांगाल ते करीन."

बादलीत त्याने साबणाचे थोडे पाणी घातले, म्हणजे तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. मूठभर चुरा टाकून ढवळला. बराचसा वर तरंगला. काही कडक, पारदर्शक तुकडे तळाशी गेले. आप्पांनी ते हातात घेऊन पाहिले. ते बाटलीचे तुकडे होते. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी यंत्र थांबवले, तापमान उतरवले आणि दुसऱ्या पोत्यातील माल घालायला सांगितला. पहाटे नळी पुन्हा सरळ धावू लागली.

दुसऱ्या रात्री आप्पा त्याच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुझ्या वहीत आणखी काय काय आहे, ते वाचून दाखव." आणि मग त्यांनी त्याला एक गोष्ट शिकवली, जी कोणत्याही पुस्तकात त्याला सापडली नव्हती. स्क्रूवर जास्त भार आला म्हणजे मोटारीचा आवाज कसा जड होतो, हे त्यांनी कान लावून ऐकायला शिकवले. त्या दिवसापासून त्या दोघांची शाळा सुरू झाली. एकाकडे कारण होते, दुसऱ्याकडे हात होता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला हे शिक्षण घ्यावेसे वाटले, तर वाटा आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर हा व्यवसाय शिकता येतो. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका असते. बारावी विज्ञान किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम झालेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. प्लास्टिकचे शिक्षण देणारी सिपेट ही केंद्र सरकारची संस्था १९६८ साली चेन्नईत सुरू झाली. तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे. जळगावच्या विद्यापीठातही प्लास्टिक तंत्रज्ञान शिकण्याची सोय करण्यात आली. हे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करताच त्या रचना करत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात कष्टकऱ्यांची मुले शिकतात, ही किती चांगली गोष्ट आहे! नोकरी करणाऱ्यांना सोयीच्या वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग चालवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ साली परवानगी दिली.

मात्र फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का? यंत्रावर प्रत्यक्ष काम करायला मिळते का? वर्गाची वेळ आपल्या कामाच्या वेळेशी जुळते का? आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारा. सुट्टीच्या दिवशी मित्र फिरायला जातील, लग्नसमारंभ होतील, तेव्हा मी पुस्तक घेऊन बसू शकेन का? अर्धवेळ शिक्षणाला वेळ अर्धा लागतो, असे समजू नका.

माझा विद्यार्थी अजून पदविकाधारक झालेला नाही. नापास झालेल्या दोन विषयांपैकी एक सुटला आहे, एक बाकी आहे. गेल्या ईदला तो धुळ्याला आला, तेव्हा अम्मीसाठी एक चटई घेऊन आला. अब्बांनी ती उलटसुलट करून पाहिली. वीण बोटांनी तपासली आणि विचारले, "हा धागा तुटत नाही का?"

तो म्हणाला, "तुटतो, अब्बा. पण का तुटतो, ते आता मला सांगता येते."

शब्दार्थ

वीण : विणण्याची पद्धत, बुनाई
मळसूत्री : स्क्रूसारखे आटे असलेला
घर्षण : घासले जाणे, रगड
रेणू : पदार्थाचा अतिसूक्ष्म कण
तुंबणे : अडकून बंद होणे
रोज : दिवसाची मजुरी
पदविका : डिप्लोमा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भवरलाल जैन यांनी जळगावात पाइप बनवण्यास केव्हा सुरुवात केली?
(आ) पॉलिमरला मराठीत काय म्हणतात?
(इ) आप्पा यंत्रातील बिघाड कशावरून ओळखत?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) तापमान वाढवूनही नळी तुटायची थांबली नाही.
(आ) मुलाने बादलीत साबणाचे पाणी घातले.
(इ) आप्पांशी बोलण्यापूर्वी मुलगा थोडा वेळ गप्प राहिला.

प्र. ३. 'एकाकडे कारण होते, दुसऱ्याकडे हात होता.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील लिंग सांगा. कोठे फरक पडतो?
पाणी, पुस्तक, यंत्र, चटई

उपक्रम : पाण्याची रिकामी बाटली घ्या. मोठ्यांच्या मदतीने बाटलीचा एक लहान तुकडा कापा. तो तुकडा आणि बाटलीचे झाकण पाण्याने भरलेल्या भांड्यात पूर्ण बुडवून सोडा. कोणते तरंगते आणि कोणते बुडते, ते पाहा. कारण तीन रकान्यांच्या वहीत लिहा.