घनांचे शिखर आणि प्रकाशाचे काम



सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची प्रतिकृती व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे त्रिमितीय जाळीत बसणाऱ्या एकाच मापाच्या रंगीत घनांमध्ये, रचण्याचा भाचा अनिकेत याचा बेत योग्य आहे; कारण यादवकालीन भूमिज शैलीच्या या मंदिरात शिखराच्याच लहान प्रतिकृती ओळीने, एकीवर एक, वर चढत जातात आणि अशी पुनरावृत्ती घनांच्या माध्यमाला मानवते. परंतु घन रचणे आणि त्यांवर प्रकाश पाडून चित्र काढणे, म्हणजेच रेंडरिंग, ही दोन वेगळी कामे आहेत हे आरंभीच ध्यानात घ्यावे. मॅजिकाव्हॉक्सेल या मोफत प्रोग्रॅममध्ये रेंडरिंगची सोय आहे आणि स्थिर चित्रापुरती ती उत्तम आहे. तरीही कॅमेरा, दिवे आणि हालचाल यांवर बारीक ताबा हवा असेल तर मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रॅममध्ये नेणेच श्रेयस्कर.

नेताना घन घनांच्या रूपात जात नाहीत, तर फक्त बाहेरचे पृष्ठभाग जातात. प्रत्येक बाजूस 256 घन असलेल्या भरीव ठोकळ्यात 1,67,77,216 घन मावतात, पण त्यांतले 3,90,152 एवढेच बाहेरून दिसतात, म्हणून आतले वगळल्याने संगणकावरचा भार पुष्कळ उतरतो. रंग मात्र एका अरुंद पट्टीच्या चित्रातून वाचले जातात आणि ब्लेंडर शेजारचे रंग मिसळून वाचतो. ‘क्लोजेस्ट’ हा पर्याय निवडला नाही तर रंगांत भलतीच छटा मिसळू शकते आणि दोष उगाच दिव्यांना दिला जातो.

हालचालीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एखाद्या आकृतीचा हात किंवा ध्वज तिरका फिरवला की त्याचे घन मूळ जाळी सोडतात, आणि एकाच दृश्यात काही घन सरळ व काही तिरके दिसू लागले की या कलेची शिस्तच मोडते. म्हणून प्रत्येक स्थितीचे मॉडेल वेगळे रचून ते क्रमाने बदलावे, हा मार्ग कष्टाचा असला तरी खरा. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटापूर्वी रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, टिपून दाखवली होती; वस्तू थोडी बदलावी, चौकट घ्यावी, हेच तत्त्व येथेही लागू पडते. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर पाच सेकंदांना 120 लागतात, पण एकेक मॉडेल दोन चौकटी टिकवल्यास 60 मॉडेलांत काम भागते, आणि थोडे अडखळणे या माध्यमाला शोभते.

एका चौकटीच्या रेंडरिंगला दोन मिनिटे लागली तर 120 चौकटींना चार तास जातात. तेवढ्या वेळात वीज गेल्यास थेट काढलेली व्हिडिओ फाइल वाया जाऊ शकते, मात्र सुट्या पीएनजी चित्रांपैकी झालेली सारी शाबूत राहतात. म्हणून अनिकेतने सुटी चित्रेच काढावीत आणि त्याआधी मुख्य शिखराची एक स्थिर चौकट, सकाळच्या तिरप्या उजेडातली, पाहण्यासाठी मामाकडे नाशिकला पाठवावी.