बाजरीच्या संशोधनाचा जमाखर्च

कोरडवाहू पिकांच्या संशोधनावरील खर्च भरून निघतो काय, हा प्रश्न रास्त आहे. इ. स. १९६५ मध्यें लुधियाना येथील 'एच. बी. १' हा बाजरीचा संकरित वाण प्रसारांत आला व उत्पन्न वाढलें. परंतु १९७० नंतर केवडा ऊर्फ गोसावी रोगानें तो बुडविला. म्हणून खर्च वायां गेला, असें आम्हांस वाटत नाहीं. टोगो देशांतील बाजरींतून हैदराबादजवळ पाटणचेरू येथें निवडलेला, केवड्यास सहसा बळी न पडणारा 'आय. सी. टी. पी. ८२०३' वाण १९८८ मध्यें महाराष्ट्रास मिळाला. तो संकरित नसल्यानें त्याचें बीं घरींच राखतां येतें. यास्तव जमेच्या बाजूस वाढलेलें धान्य व सरमाड यांबरोबरच रोगापासून वांचलेलें पीक आणि बियाण्याचा वांचलेला पैसाहि मांडावा. रोग थांबत नाहीं. संशोधनहि थांबतां कामा नये.