मुळावरच्या गाठी

मंडळी, आज आपण एका लहानशा जीवाची माहिती वाचू. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं घर मात्र दिसतं. ते पाहायला आपल्याच शेतात जायचं.

पेरणीला महिना-सव्वा महिना झाला की सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे एक झाड खुरप्याने काढा. हिसका मारून उपटू नका. उपटले तर पाहायची वस्तू जमिनीतच राहील. भोवतीची माती सैल करा, झाड अलगद उचला, मुळे पाण्यात हळूच धुवा. मुळांना बारीक गाठी चिकटलेल्या दिसतील. कोणी मोहरीएवढी, कोणी ज्वारीच्या दाण्याएवढी.

नवखा माणूस म्हणतो, "मुळाला रोग पडला!" पण हा रोग नव्हे. सूत्रकृमी लागला तर मूळच सुजते, ती सूज सुटी होत नाही. या गाठी मात्र नखाने सहज सुटतात.

आता एक गाठ फोडून पाहा. आत गुलाबी, लालसर रंग दिसला तर समजा, आत कामकरी आहेत आणि काम चालू आहे. या कामकऱ्यांना जिवाणू म्हणतात. गाठ आतून पांढरी असेल तर काम सुरू झालेले नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर काम संपले.

काम कोणते? तर पिकाला नत्र देण्याचे. नत्रावाचून पीक वाढत नाही, पाने पिवळी पडतात. आपल्या भोवतीच्या हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नत्रच आहे. पण तो पिकाला तसाच घेता येत नाही. कोठार भरलेले आहे, पण दाराला कुलूप आहे! युरियाच्या कारखान्यात हे कुलूप उघडायला ४०० अंशांच्या आसपास उष्णता आणि फार मोठा दाब लागतो. हा जिवाणू तेच काम ओल्या मातीत गुपचूप करतो.

तो फुकट मात्र राबत नाही, बरं का! झाड पानांत साखर तयार करते आणि त्यातली थोडी जिवाणूला देते. जिवाणू झाडाला नत्र देतो. आपल्याकडे वाटेकरी असतो ना, तसाच हा व्यवहार.

ही गोष्ट जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी १८८६ साली दाखवून दिली. १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. त्याला रायझोबियम म्हणतात. आपल्या वाडवडिलांना हे नाव ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. "हरभऱ्याचा बेवड चांगला" असे ते म्हणत. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकत. तूर, हरभरा, मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन, या सगळ्यांच्या मुळांवर असे वाटेकरी राहतात.

पण प्रत्येक पिकाचा वाटेकरी एकच नसतो. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो.

सन २०१८ च्या खरिपात मी एका तुकड्यात पहिल्यांदाच सोयाबीन पेरले. पत्र्याच्या खोलीत जिवाणूचे एक पाकीट पडून होते. तेच बियाण्याला चोळले. महिन्याने पीक पिवळे दिसू लागले. झाड खणून पाहिले, तर मुळावर एकही गाठ नाही! शेजारच्या वहिनी बांधावर आल्या होत्या. त्या आदल्या हिवाळ्यातच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी रिकामे पाकीट उचलले आणि एकेक अक्षर जुळवत वाचले, "ह-र-भ-रा. गुरुजी, हे तर हरभऱ्याचं हाय! अन् ह्याची तारीख बी उलटून गेलीया."

मी खाली मान घातली. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि वेळेला स्वतःच वाचले नाही. युरिया विकत आणून टाकावा लागला, तरी पोती कमीच भरली. वहिनींनी मात्र पाकीट वाचून घेतले होते. त्यांचे पीक हिरवेगार होते.

म्हणून पाकीट घेताना दोन गोष्टी वाचा : पिकाचे नाव आणि वापरायची शेवटची तारीख. घरी आणल्यावर ते सावलीत, थंड जागी ठेवा. उन्हाने आणि पत्र्याच्या तापाने जिवाणू मरतो.

बियाण्याला लावायची रीत अशी :

१. २५० ग्रॅमचे पाकीट साधारण १० किलो बियाण्याला पुरते. पाकिटावरचे प्रमाण पाळा.
२. पाण्यात थोडा गूळ घालून उकळा. पाणी पुरते गार होऊ द्या. मग त्यात जिवाणू कालवा.
३. हे बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा. सोयाबीनचे टरफल नाजूक असते.
४. बियाणे गोणपाटावर सावलीत सुकवा. वापसा असेल तर त्याच दिवशी पेरा.
५. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

या पिकांना युरिया भाराभर देऊ नका. ज्याला आयते मिळते, तो वाटेकरी कशाला ठेवील? झाड गाठी धरायचे कमी करते.

काढणीच्या वेळी सोयाबीन विळ्याने कापा, मुळे जमिनीत राहू द्या. ती कुजून थोडा नत्र पुढच्या पिकाला मिळतो.

प्रश्न

१. गाठ आतून गुलाबी असेल तर काय समजावे?
२. झाड जिवाणूला काय देते? जिवाणू झाडाला काय देतो?
३. गुरुजींच्या सोयाबीनला गाठी का आल्या नाहीत?

करून पाहा : घरात खताचे, औषधाचे किंवा बियाण्याचे जे पाकीट असेल, त्यावरचे नाव आणि तारीख वाचा. वहीत लिहा. घरातल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.