तह कसा वाचावा: वसईच्या तहावरून एक कृती

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. त्यानंतर पंधरा वर्षे पुण्यात पेशव्यांची गादी होती, दरबार भरत होता, दक्षिणा वाटली जात होती. राज्याच्या नाड्या मात्र संगमावरच्या रेसिडेन्सीत, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीत, गेल्या होत्या. हे घडले कसे, याचे उत्तर तहाच्या कलमांत आहे. आपण शाळेत हा तह एका वाक्यात शिकतो, परीक्षेत तेच वाक्य लिहितो आणि कलमे कधीच उघडत नाही. ती उघडून वाचण्याची ही पद्धत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेलच, पण बलाढ्य शेजारी दुबळ्याला न जिंकता ताब्यात कसा ठेवतो हे समजून घेऊ पाहणाऱ्या कोणालाही पडेल.

साहित्य

- तहाची पूर्ण प्रत. सारांश चालणार नाही. हिंदुस्थानातल्या संस्थानांशी झालेल्या तहांसाठी एचिसन यांचा संग्रह पाहावा.
- त्या काळचा पत्रव्यवहार. पुण्यासाठी सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली छापला गेलेला पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार आणि पेशवे दप्तरातले निवडक कागद ग्रंथालयांत मिळतात.
- तहाआधीचा आणि तहानंतरचा असे दोन नकाशे.
- लाल आणि निळी पेन्सिल.
- पाच रकाने आखलेला कागद: फौज, पैसा, परराज्यांशी बोलणी, तंट्यांचा निवाडा, माणसे.

कृती

१. आधी तहापूर्वीचे वर्ष मांडा. सही कोणत्या अडचणीत झाली हे कळल्याशिवाय कलमांचा अर्थ लागत नाही. नाना फडणीस होते तोवर पुणे दरबाराने कंपनीची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने आपल्या मुलखात ठेवायची कंपनीची फौज, स्वीकारली नव्हती. मार्च १८०० मध्ये नाना गेले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाला वसईत गेले. लढाईनंतर दोन महिन्यांहून थोड्याच अधिक काळात तह झाला. कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा: मदत कोणाला हवी होती आणि किती तातडीने?

२. मैत्रीची भाषा बाजूला काढा. अशा तहांची सुरुवात स्नेहाने होते. वसईचा तहही एकाचे मित्र आणि शत्रू ते दुसऱ्याचेही मित्र आणि शत्रू, असे सांगतो. वाचायला हे बरोबरीचे वाटते. आता प्रत्येक कलम घ्या. दुबळ्या पक्षावरचे बंधन लाल पेन्सिलीने अधोरेखित करा, बलाढ्यावरचे निळ्या. निळी रेघ दिसली की विचारा: हे बंधन मोडले गेले, तर ते पाळायला लावण्याची ताकद समोरच्याकडे होती का? नसेल तर निळी रेघ पुसा.

३. फौजेचा रकाना भरा. चार गोष्टी शोधा: किती सैन्य, तळ कुठे, हुकूम कोणाचा, काम कोणते. वसईच्या तहाने किमान ६,००० कवायती पायदळ, तोफा आणि गोरे गोलंदाज पेशव्यांच्या मुलखात कायमचे आले. शिपाई आणि अंमलदार कंपनीचे होते. कामाचे कलम सावकाश वाचा. ही फौज महत्त्वाच्या कामासाठीच वापरायची, किरकोळ प्रसंगी नाही, आणि वसुलीसाठी शिबंदीसारखीही नाही. म्हणजे पैसे पेशव्यांचे, पण कोणते काम महत्त्वाचे हे ठरवताना रेसिडेंटला नाही म्हणायला जागा ठेवली होती. स्वतःच्या पैशाने पोसलेली फौज दुसऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय हलत नसेल, तर ती तुमची नाही.

४. पैशाचा रकाना भरा: रोकड की मुलूख? या फरकाला फार महत्त्व आहे. निजामाने १७९८ च्या तहात तैनाती फौजेसाठी वर्षाला २४,१७,१०० रुपये कबूल केले. दोनच वर्षांत, १८०० च्या तहाने, रोख रकमेऐवजी बळ्ळारी, कडप्पा हा भाग कंपनीला तोडून दिला. अवधच्या नबाबाने १८०१ मध्ये रोहिलखंडासह जवळपास निम्मे राज्य दिले. पेशव्यांनी वसईला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख लावून दिला. रोकड थकवता येते, कमी करून मागता येते, पुढच्या हप्त्यावर घासाघीस करता येते. मुलूख गेला की घासाघिशीचे हे शेवटचे साधनही जाते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा आणि गेलेला भाग रंगवा.

५. परराज्यांशी बोलणी. नकाशावर पुण्यापासून नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि हैदराबादकडे रेघा काढा. या रेघांवरून वकील आणि खलिते ये-जा करत होते. वसईच्या तहानंतर कंपनीला आधी कळवून, तिच्याशी मसलत केल्याशिवाय कोणत्याही सत्तेशी बोलणी करता येईना. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय लोक नोकरीत ठेवता येईनात. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने तर इतर दरबारांतले पेशव्यांचे वकील परत बोलवायला लावले आणि मराठी सरदारांवरचे प्रमुखपद सोडायला लावले. आता नकाशावरच्या सगळ्या रेघा पुसून एकच काढा, शनिवारवाड्यापासून संगमापर्यंत.

६. तंट्यांचा निवाडा. या कलमाकडे बहुतेक वाचकांचे दुर्लक्ष होते, म्हणून इथे जास्त वेळ द्या. निजाम आणि गायकवाड यांच्यावरच्या पेशव्यांच्या दाव्यांत कंपनीची लवादी वसईला मान्य झाली. दुसऱ्याला पंच नेमल्याचा परिणाम काय झाला, हे १८१५ मध्ये दिसले. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाच्या बोलण्यांसाठी इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलैमध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. हमी कंपनीची, म्हणून चौकशीचा हक्कही कंपनीने घेतला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने खुनाचा ठपका ठेवून त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात मागितले. पेशव्यांना आपला सर्वांत विश्वासातला माणूस द्यावा लागला. तो ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ मध्ये निसटला, तेव्हा पुन्हा मागणी आली, आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले मागण्यात आले. एका हिशेबाच्या भांडणातून गोष्ट गडांपर्यंत गेली, कारण निवाड्याचा अधिकार आधीच हातचा गेला होता.

७. माणसांचा रकाना. राज्यातली माणसे संरक्षणासाठी कोणाकडे पाहतात? १८१२ मध्ये पंढरपूरला एल्फिन्स्टनने पेशवे आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात समझोता घडवून आणला आणि त्याला कंपनीची हमी दिली. जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी करायची, पण त्यांच्या जहागिरीला अभय इंग्रजांचे. ज्याचे अभय, त्याच्याकडे निष्ठा सरकू लागते. अशी प्रत्येक हमी या रकान्यात नोंदवा.

८. तह एकामागोमाग रचा. एकच तह वाचून थांबू नका. १८०२, १८१२, १८१७ असे क्रमाने ठेवा आणि प्रत्येक तहाने कोणता रकाना अधिक भरला ते पाहा. साताऱ्यातही तोच क्रम सापडतो. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळाले, पण परराज्यांशी संबंध ठेवण्याची मनाई आली. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले.

९. बाहेर पडण्याची वाट तपासा. दुबळ्या पक्षाला लढाई न करता तह बदलता येतो का? बाजीरावांनी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई केली. ३ जून १८१८ रोजी ते शरण आले आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेले. आता हेच रकाने आपल्या देशाच्या एका करारावर लावा. तसे केल्याशिवाय पद्धत प्रामाणिक ठरत नाही. १९४९ च्या भारत-भूतान करारात परराष्ट्र संबंधांत भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे, असे कलम होते आणि शस्त्रे आणण्यासाठी भारताची संमती लागत होती. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात लाल रेघ आलीच. पण पैसा भारताकडून भूतानकडे जात होता आणि अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचनही होते. २००७ मध्ये करार नव्याने झाला आणि सल्ल्याचे कलम वाटाघाटींतूनच गेले.

टाळायच्या चुका

- सगळा दोष राजाच्या स्वभावावर टाकू नका. बाजीरावांच्या चुका होत्याच, पण निजाम, अवध आणि पुणे या तीन वेगळ्या दरबारांत साच्यातून काढल्यासारखी कलमे आली. साचा कंपनीचा होता.
- प्रत्येक कराराला गुलामी म्हणू नका. व्यापाराच्या करारात दोन्ही बाजू बांधल्या जातात. पाचांपैकी किती रकाने लाल झाले, ते मोजून बोला.
- गादी, नाणे, निशाण राहिले म्हणजे राज्य राहिले, असे धरू नका.

निष्कर्ष लिहिणे

शेवटी चार-पाच वाक्यांत निष्कर्ष लिहा. विशेषणे गाळा, कलमांवर बोट ठेवा. वसईच्या तहाचा निष्कर्ष असा होईल: या तहाने पेशव्यांना गादी परत मिळाली आणि मुलखाचा रोजचा कारभारही त्यांच्याकडे राहिला. मात्र फौज, तिच्या खर्चाचा मुलूख, परराज्यांशी बोलणी आणि तंट्यांचा निवाडा या चार गोष्टी कंपनीकडे गेल्या. माणसे पुढच्या दहा वर्षांत गेली. लढाईशिवाय तहातून सुटण्याची वाट नव्हती, म्हणून १८१८ मध्ये जे बुडाले ते स्वतंत्र राज्य नव्हते. त्याचे स्वातंत्र्य १८०२ मध्येच सही करून दिले गेले होते.