गण, मात्रा आणि मामांचं सबनेटिंग

माझ्या मामांनी बावीस वर्षं छापखान्यात डीटीपी केलं. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. काम हळूहळू आटत गेलं आणि गेल्या वर्षी छापखाना बंद झाला. पंचेचाळिसाव्या वर्षी मामांनी सीसीएनएचा अभ्यास सुरू केला. सिस्को कंपनीची ही नेटवर्किंगची परीक्षा, क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं. बसायला पदवीची अट नाही. पण फी ३०० डॉलर. नापास झालं की तेवढे पुन्हा भरायचे.

एका रविवारी मिस्सा आटोपून मामा वही घेऊन घरी आले. "अगं, सबनेटिंगला अडलोय. तू तरी बघ."

मी साहित्याची विद्यार्थिनी. गणित दहावीलाच सुटलं. पण वहीतले शून्य-एक बघून मला वृत्तांचा तास आठवला.

'यमाताराजभानसलगा' आपण सगळ्यांनीच घोकलंय. अक्षर लघु किंवा गुरू, तिसरा पर्याय नाही. तीन अक्षरांचा एक गण. मग गण आठच का? जागा तीन, प्रत्येक जागी पर्याय दोन: २ × २ × २ = ८. नववा गण होऊच शकत नाही. आता लघुला ० आणि गुरूला १ लिहा. जागांच्या किमती डावीकडून ४, २, १ धरा. न गण ०००, म्हणजे ०. य गण ०११, म्हणजे २ + १ = ३. म गण १११, म्हणजे ७. आठ गणांना ० ते ७ हे आकडे एकेकदाच मिळतात.

आयपी पत्ताही असाच, फक्त जागा ३२. आठ-आठ जागांचे चार गट करून प्रत्येक गट साध्या आकड्यात लिहितात, उदा. १९२.१६८.१०.७०. गटातल्या जागांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सगळ्यांची बेरीज २५५, म्हणून आकडा त्यापुढे जात नाही.

आता १९२.१६८.१०.०/२६ घ्या. रेघेनंतरचा २६ सांगतो की पहिल्या २६ जागा नेटवर्कच्या, उरलेल्या ६ यंत्रांच्या. सहा जागांत ६४ पत्ते बसतात. पहिला पत्ता नेटवर्कचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, म्हणजे ब्रॉडकास्टचा. यंत्रांना उरतात ६२. त्यामुळे शेवटच्या गटाचे चार भाग पडतात: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५.

मामांनी पॅकेट ट्रेसरवर एका संगणकाला शेवटचा आकडा ६० दिला होता, दुसऱ्याला ७०. दोन्हींना /२६. तारा बरोबर, स्विच चालू, तरी दोघं बोलत नव्हते. कारण ६० पहिल्या भागात, ७० दुसऱ्या. मध्ये राउटर हवा.

मामा वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेजमेकरमध्ये दोन चौकटी जोडल्याशिवाय मजकूर पुढे सरकत नाही, तसंच ना?"

अगदी तसंच. आणि हे मला सुचलं नसतं.

परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे, म्हणजे हा भाग टाळून चालत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. 'पण या वयात नोकरी कोण देणार?' हा मामींचा प्रश्न मात्र गणांनी सुटत नाही. मामा रोज पहाटे उठून दहा गणितं सोडवतात, एवढंच मी सांगू शकते. आणि मी? 'गण आठच का' हे तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मामांना शिकवताना पहिल्यांदा विचारलं.

तुमच्यासाठी एक गणित: वरच्याच नेटवर्कमध्ये १९२.१६८.१०.२०० हा पत्ता कोणत्या भागात येतो, आणि त्या भागाचा ब्रॉडकास्ट पत्ता कोणता? कागद-पेन घ्या. मामांना आता कागद लागत नाही.