छोट्या वस्तू, मोठे स्टेशन
(कार्यानुभव व चित्रकला : इयत्ता सातवी ते दहावी)



२०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे आपले दोन्ही भाग त्यात एकत्र आले. रेल्वेच्या दृष्टीने मात्र या दोन गावांचा इतिहास वेगवेगळा आहे. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आहे. सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी जाणारी ही लाइन बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली. सुमारे शंभर वर्षे तिच्यावर नॅरोगेज, म्हणजे आपली 'छोटी गाडी' धावली. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि आता त्याच मार्गावर ब्रॉडगेज गाडी जाते.

याचा अर्थ असा की, आज सातवी-आठवीत असलेल्या मुलांना छोटी गाडी आठवत नाही. ती ज्यांनी रोज पाहिली, ते तुमचे आजी-आजोबा व आईवडील आहेत. म्हणून या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला आपण जुन्या स्टेशनचा एक कोपरा नमुन्यात उभा करणार आहोत. इंजिन विकत आणायचे नाही. फलाटावरच्या छोट्या वस्तू स्वतः करायच्या आणि रंगवायच्या.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तिथे धावणाऱ्या गाड्या तर आहेतच, पण पाहणारा गुंततो तो सिग्नल, दिव्याचे खांब, रस्ते, घरे यांत. गाडी पुढे निघून जाते, नजर मात्र या वस्तूंवर राहते.

१. आधी माप

नमुना खरा वाटतो तो मापामुळे. जगात सर्वांत जास्त वापरले जाणारे माप 'एचओ' म्हणजे १:८७. यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. याच्या दुप्पट माप 'ओ' म्हणजे सुमारे १:४३.५. यात एका फुटाला सात मिलिमीटर. आपण सर्व वस्तू हाताने करणार असल्यामुळे ओ माप घेऊ. साधी पट्टी पुरते आणि डोळ्यांना ताण पडत नाही.

काही मापे करून पाहा :

- साडेपाच फूट उंचीचा माणूस : ३८.५ मिमी
- पाच फूट लांब बाक : ३५ मिमी; बसण्याची उंची दीड फूट असेल तर १०.५ मिमी
- एक फूट उंच बादली : ७ मिमी
- नॅरोगेजच्या दोन रुळांमधील अंतर (अडीच फूट) : १७.५ मिमी
- ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर (साडेपाच फूट) : ३८.५ मिमी

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. पांढुर्ण्याच्या रुळांमधील अंतर मोठ्या माणसाच्या उंचीइतके आहे, तर सौंसरच्या जुन्या रुळांमधील अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. 'छोटी गाडी' हे नाव का पडले, ते पट्टीने कळते.

२. कोणते वर्ष?

नमुना करण्यापूर्वी एक वर्ष ठरवा. समजा २०१० ठरवले, तर त्या वर्षी जे फलाटावर होते तेवढेच ठेवायचे. सौंसरच्या नॅरोगेजला तेव्हा डिझेल इंजिन होते, म्हणून रुळांवर विजेच्या तारा दाखवायच्या नाहीत. पांढुर्ण्याचा नमुना आजचा करणार असाल, तर तारांचे खांब हवेतच.

ठरवलेल्या वर्षाबद्दल घरी विचारा. बाक लाकडी होता की सिमेंटचा? पाण्याची सोय कोणत्या बाजूला होती? खांबांचा रंग कोणता? दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर जुना फोटो शोधा. फोटो नसेल तर दोन्ही उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवा. आपल्या मनाने तिसरेच उत्तर तयार करू नका. आपला नमुना शोभेची वस्तू आहे तशीच ती साक्षही आहे.

३. साहित्य घरातलेच

- बाक : आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद
- दिव्याचा खांब : संपलेली रिफिल व विजेच्या वायरमधील तांब्याची तार
- पत्र्याचे छप्पर : गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. ती कंगव्याच्या दातांवर ठेवून बोटाने दाबली की पन्हाळी पत्रा तयार
- पोती : एमसील. ओले असतानाच मलमलीचे कापड दाबले की तरटाची वीण उमटते
- संत्री : मोहरी!

मोहरीचे गणित करून पाहा. तीन इंचांचे संत्रे म्हणजे पाव फूट, म्हणजे आपल्या मापात पावणेदोन मिमी. मोहरीचा दाणा जवळपास तेवढाच असतो. (एचओ मापात करणाऱ्यांनी खसखस घ्यावी.) संत्र्यांच्या पेट्यांशिवाय आपल्या भागातला फलाट पुरा होत नाही. सगळे दाणे एकाच नारंगी रंगात बुडवू नका. आपल्या संत्र्यावर हिरवट-पिवळी झाक असते, ती काही दाण्यांवर दाखवा.

४. रंगवण्याची रीत

(अ) वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. हाताचे तेल राहिले तर रंग धरत नाही. कागदाच्या व लाकडाच्या वस्तू फक्त कोरड्या ब्रशने झटका.

(आ) वस्तू हातात धरून रंगवू नका. आगकाडीच्या टोकाला फेविकॉलच्या थेंबाने चिकटवा आणि काडी धरा.

(इ) आधी फिकट राखाडी ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात द्या. पुढचे रंग त्यावर एकसारखे बसतात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. जाड रंगाखाली वस्तूचे बारकावे बुजतात.

(ई) रंग थोडे फिकट करून घ्या. एक फूट अंतरावरून पाहिलेला आपला नमुना म्हणजे सुमारे ४३ फुटांवरून पाहिलेली खरी वस्तू. तेवढ्या अंतरावरून काळा रंग काळाकुट्ट दिसत नाही, लाल रंग भडक दिसत नाही. काळ्याऐवजी गडद राखाडी वापरा, लालमध्ये थोडा पांढरट तपकिरी मिसळा.

(उ) सावली : तपकिरी-काळ्या रंगात भरपूर पाणी घालून तो वस्तूवर सोडा. तो खाचांत उतरतो आणि फळ्यांमधील फटी दिसू लागतात.

(ऊ) उजेड : मूळ रंगापेक्षा फिकट रंग ब्रशला लावा, कापडावर जवळजवळ पूर्ण पुसा आणि कोरडा ब्रश हलकेच फिरवा. उंचवटे तेवढे उठून येतात. सावलीचा हात पूर्ण वाळल्यावरच हे करा.

५. झीज कुठे होते?

नव्या वस्तूंचे स्टेशन दुकानासारखे दिसते. मात्र सगळीकडे सारखा मळ फासणे हेही चूकच. प्रत्येक वस्तूला विचारा, तुला कोण हात लावते आणि तुझ्यावर पाणी कुठे पडते? बाक बसण्याच्या जागी गुळगुळीत होतो, पायांशी मळतो. हातगाडीचा दांडा धरण्याच्या जागी चकाकतो, चाकांना धूळ लागते. आगीच्या लाल बादलीचा रंग काठावर उडतो. गंज पाणी थांबते तिथे, म्हणजे सांध्यात व तळाशी धरतो. स्पंजच्या तुकड्याने तपकिरी व नारंगी ठिपके तिथेच द्या.

धुळीसाठी रंग नको. आपल्या गावची माती घ्या, मोठ्यांकडून जुन्या तव्यावर भाजून घ्या म्हणजे किडे राहणार नाहीत, आणि मलमलीतून चाळा. पातळ फेविकॉलवर ती भुरभुरली की फलाटाला गावचा रंग येतो. हा रंग कोणत्याही दुकानात मिळत नाही.

स्टेशनच्या नावाचा फलक सर्वांत शेवटी करा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे. लिपींचा क्रम आणि नावाचे शुद्धलेखन खऱ्या फलकाप्रमाणेच असावे.

काळजी : ब्लेडचे काम मोठ्यांसमोर करावे. मापे घेण्यासाठी स्टेशनवर जाताना शिक्षक किंवा पालक सोबत हवेत आणि स्टेशन मास्तरांची परवानगी हवी. रुळांवर कोणत्याही कारणाने उतरू नये.

पालकांना व विश्वस्तांना विनंती

घरात छोट्या गाडीचे किंवा जुन्या स्टेशनचे फोटो, तिकिटे असतील तर मुलांना दाखवावीत. वस्तू घरीच ठेवावी, फक्त तिची नोंद शाळेकडे द्यावी. नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. शाळेची एक सहल तिथे नेता आल्यास मुलांना मापे प्रत्यक्ष पाहता येतील. पूर्ण झालेला नमुना आणि मुलांची नोंदवही यांसाठी ग्रंथालयात काचेच्या कपाटाचा एक कप्पा मिळावा. नमुना पाहताना एखाद्या आजोबांनी 'नाही रे, नळ या बाजूला होता' असे म्हटले, तर तेही त्या वहीत लिहिले जाईल.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेच्या दाराची उंची फुटांत मोजा व ओ मापात किती मिमी होईल ते काढा.
२. घरातील एका जुन्या वस्तूवर झीज कुठे आहे व का, हे पाच ओळींत लिहा.
३. छोट्या गाडीने प्रवास केलेल्या एका व्यक्तीला फलाटावरील पाच वस्तू विचारा. प्रत्येकीचा रंग, जागा व अंदाजे माप नोंदवा.
४. त्यांतील एक वस्तू करून, रंगवून, आगकाडीसकट वर्गात आणा.